दातांच्या तारा: लेकीला एकदा, मला दोनदा. वापरून झाल्यावर लिहितोय

मला पहिल्यांदा दातांना तारा लागल्या त्या १३व्या वर्षी आणि दुसऱ्यांदा ४१व्या वर्षी, आणि दुसऱ्या खेपेला शेजारच्या खुर्चीत तोंड उघडून माझी लेक बसलेली होती, ती तेव्हा १२ची. तिचं काम १९ महिन्यांत आटपलं, माझं २२ महिन्यांत. लहानपणी आणि मोठेपणी अशा दोन्ही वयात यातून गेलेले लोक कमी असतात आणि मला रोज कोणी ना कोणी विचारतं की मुलाला आत्ताच लावू का थांबू, चाळिशीत लावून उपयोग होतो का, ते पारदर्शक वालं घेऊ का, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतोय. हा कुठल्या एका दवाखान्याचा रिव्ह्यू नाही, ब्रेसेसच्या ट्रीटमेंटचाच आहे.

दुसऱ्यांदा का लागल्या ते आधी सांगतो, कारण माझं सगळं सांगणं तिथेच येऊन थांबतं. १५व्या वर्षी तारा काढल्या तेव्हा दात एकदम सुंदर झाले होते. डॉक्टरांनी एका डबीत रिटेनर (तारा काढल्यावर दात जागेवर धरून ठेवायची पट्टी) दिला, "रात्री लाव" म्हणाले, बस. का लावायचा, किती वर्षं लावायचा, हरवला तर काय, काही नाही. सहा-आठ महिन्यांत तो हरवला आणि घरात कोणाला त्याचं काही वाटलं नाही, कारण दात तर सरळच दिसत होते. पुढच्या पंचवीस वर्षांत खालचे पुढचे चार दात हळूहळू एकावर एक चढले, इतके हळू की मला कळलंच नाही. कळलं ते हिरड्यांतून रक्त यायला लागल्यावर, कारण त्या फटींत ब्रश पोचतच नव्हता.

आता कोणाकडे जायचं ते. दात साफ करणारा, दाढ भरणारा डेंटिस्ट वेगळा आणि ऑर्थोडॉन्टिस्ट वेगळा, तो डेंटिस्टची डिग्री झाल्यावर आणखी दोन-तीन वर्षं फक्त दात आणि जबडे जागेवर आणण्याचंच शिकलेला असतो. हे सरळ विचारायचं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मी दुसऱ्या वेळी आधी एका ठिकाणी गेलो होतो, तिथे दहा मिनिटांत तोंडाचा स्कॅन केला, स्क्रीनवर माझेच दात सरळ होताना दाखवले आणि लगेच "आज बुक केलंत तर डिस्काउंट आहे". एक्स-रे नाही, हिरड्या तपासल्या नाहीत, मला आधी काय झालं होतं ते विचारलं पण नाही. मी उठून आलो.

नंतर ज्या डॉक्टर मॅडमकडे गेलो त्यांनी पहिल्या भेटीत काही विकलं नाही. ओपीजी (सगळे दात एकाच चित्रात दिसणारा एक्स-रे), डोक्याचा बाजूने काढलेला एक्स-रे, फोटो, दातांचे साचे, आणि हिरडी आणि दात यांच्यामधली खोली बारीक सळईने एकेका दाताला मोजली. मग म्हणाल्या, "तुमच्या हिरड्यांचं काम आधी करू, तीन महिने तारा नाहीत." मला तेव्हा वैताग आला होता, पण त्या बरोबर होत्या. मोठ्यांच्या बाबतीत ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, हिरड्या सुजलेल्या असताना दात ओढायला घेतले तर दाताभोवतीचं हाड आणखी भराभर झिजतं आणि शेवटी सरळ पण हलणारे दात हातात येतात. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शनं चालू असतील, निकेलची किंवा रबराची अॅलर्जी असेल तर तेही पहिल्याच दिवशी सांगा, कारण तारांमध्ये बऱ्याचदा निकेल असतं आणि रबर बँडमध्ये लेटेक्स.

मॅडमनी लेकीला कागदावर काढून दाखवलं होतं की दात सरकतो कसा, ते मलाही तेव्हाच पहिल्यांदा नीट कळलं. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो, मुळाभोवती तंतूंचं एक पातळ अस्तर असतं, जेमतेम पाव मिलिमीटरचं. तार एका बाजूने दाबते, त्या बाजूच्या पेशी हाड विरघळवतात, आणि दात जिथून सरकला त्या बाजूला दुसऱ्या पेशी नवीन हाड भरतात. हे काम शरीर आपल्या वेगाने करतं, साधारण महिन्याला एक मिलिमीटर धरा. जोर वाढवला म्हणून वेग वाढत नाही, उलट मुळांना त्रास होतो, मुळं टोकाशी थोडी झिजू शकतात, म्हणून मध्येच एकदा एक्स-रे काढून बघतात. त्यामुळे कोणी "सहा महिन्यांत सगळं" म्हणालं तर विचारा की सगळं म्हणजे काय, बऱ्याचदा फक्त पुढचे दिसणारे दात सरळ करायचे असतात आणि चावा, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसणं, तसाच राहतो. कधीकधी तेवढंच पुरेसं असतंही, पण ते आधी माहीत पाहिजे.

मुलांचं. अमेरिकन असोसिएशन ऑफ ऑर्थोडॉन्टिस्ट्सचा सल्ला आहे की वयाच्या ७व्या वर्षापर्यंत एकदा दाखवून घ्यावं. हे ऐकून आईबाप घाबरतात की एवढ्याशा पोराला तारा? तर तसं नाही, बहुतेक मुलांना त्या वयात फक्त बघून घरी पाठवतात. सहाव्या-सातव्या वर्षी पहिल्या कायमच्या दाढा आणि पुढचे दात यायला लागतात, त्यावरून जबड्याचा अंदाज येतो. वरच्या पुढच्या दोन दातांत फट दिसली, दात पंख्यासारखे फाकलेले दिसले म्हणून लगेच धावू नका, ११-१२ला वरचे सुळे उतरले की ती फट पुष्कळदा आपोआप बुजते. बघायचं ते वेगळंच असतं: चावताना वरचे दात खालच्यांच्या आत जातात का, खालचा जबडा पुढे येतोय का, अंगठा अजून तोंडात असतो का, झोपेत तोंड उघडं राहतं का. दुधाचे दात कीड लागून फार लवकर काढावे लागले असतील तरी दाखवा, मागची दाढ पुढे सरकून नव्या दाताची जागा खाते.

आमच्या लेकीचा वरचा जबडा अरुंद होता, मागच्या दाढा आत पडत होत्या, म्हणून तिला ९व्या वर्षी टाळूला एक्स्पांडर (जबडा रुंद करणारं उपकरण) बसवला. मध्ये एक बारीक स्क्रू, त्यात चावी घालून रोज रात्री पाव फेरा, म्हणजे एका वेळी साधारण पाव मिलिमीटर. ते काम माझ्याकडे होतं. ती खुर्चीवर मान मागे टाकून बसायची, मी मोबाईलचा टॉर्च लावायचो, चावी भोकात बसली की "बाबा, हळू" म्हणायची आणि मग नाकाच्या मुळाशी दाब जाणवतो म्हणून डोळे मिटून घ्यायची. दहाव्या दिवशी तिच्या पुढच्या दोन दातांत एवढी मोठी फट पडली की बायको रडकुंडीला आली, मी रात्रीच डॉक्टरांना फोटो पाठवला. त्यांचा निरोप आला, अभिनंदन, टाळूचा सांधा उघडला, हेच पाहिजे होतं. पुढच्या काही आठवड्यांत फट बुजलीसुद्धा. तर ज्यांच्या मुलांना हे लावणार आहेत त्यांनी आधीच माहीत करून घ्या, ती फट पडणार. आणि हे लहानपणीच सोपं, कारण टाळूच्या मधला सांधा वयात येता येता घट्ट होत जातो, मोठ्यांना त्यासाठी हाडात स्क्रू बसवावे लागतात किंवा ऑपरेशन. खालचा जबडा मागे असेल तर वाढीच्या वयात काढघालीचं उपकरण देऊन त्या वाढीचा फायदा घेता येतो, तेही मोठेपणी हातातून गेलेलं असतं. वय गेलं की दात हलवता येतात, जबडा ऑपरेशनशिवाय सहसा नाही. बाकी नुसते वेडेवाकडे दात असतील तर घाई काही नाही, साधारण ११ ते १३मध्ये कायमचे दात आल्यावर एकदाच करा, उगाच दोनदा पोराला त्रास नको.

तारा लावायचा दिवस तसा दुखत नाही, कंटाळवाणा असतो, तास-दीड तास तोंड उघडं. त्याच्या आठवडाभर आधी बऱ्याचदा दाढांच्या मध्ये छोटी निळी रबरी रिंग घालतात, मला तर ती रिंगच जास्त दुखली, दोन दाढांमध्ये काहीतरी अडकलंय आणि निघत नाही असं चार दिवस. मग त्या दिवशी गालांना ताणून धरणारी प्लास्टिकची फ्रेम, दातांवर एक जेल, ते धुतल्यावर दात खडूसारखे पांढरे दिसतात, मग एकेक ब्रॅकेट (दातावर चिकटवायचा, तार धरणारा छोटा चौकोन) चिमट्याने ठेवायचं, डॉक्टर आरशात बघून केसभर इकडेतिकडे करणार आणि निळा लाइट. ही जेलची युक्ती १९५५ साली मायकेल बुओनोकोर नावाच्या डेंटिस्टने शोधली, अॅसिडने दात किंचित खरबरीत केला की त्यावर चिकटवलेलं टिकतं, त्याआधी प्रत्येक दाताला पूर्ण धातूचा पट्टा घालायचे. आणि सुरुवातीची ती मऊ तार निकेल-टायटॅनियमची असते, कशीही वाकवली तरी मूळ आकारात यायला बघते, तोच तिचा जोर. हे मिश्रण अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेतून आलं आणि १९७०च्या दशकात दातांत पोचलं. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं, आपल्या तोंडात इतकी विचारपूर्वक केलेली गोष्ट आहे म्हणून.

दुखतं ते त्या रात्रीपासून. सगळे दात आंबल्यासारखे होतात, दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त, मऊ घास पण दातांखाली नको वाटतो, मग चार-पाच दिवसांत उतरतं. दर वेळी तार बदलली की थोडं तसंच, पण पहिल्याइतकं नाही. लेक तिसऱ्या दिवशी नॉर्मल खात होती, मला आठवडा लागला. गालाला आणि ओठाला आतून चट्टे पडतात, त्यासाठी मेण देतात, वाटाण्याएवढं घ्यायचं, ब्रॅकेट आधी टिशूने कोरडं करायचं (हे कोणी सांगत नाही, ओल्यावर मेण टिकतच नाही) आणि दाबून बसवायचं. मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या. मागची तार टोचायला लागली तर मेण लावून फोन करा, सहन करत बसू नका. कडक आणि चिकट खाणं बंद, बर्फ चावणं बंद, आणि पेनाची टोपणं चावणं बंद, आमच्या लेकीची दोन ब्रॅकेट अशीच निघाली. ब्रॅकेट निघालं की त्या दिवसापासून तो दात रांगेत मागे पडतो, म्हणून पुढच्या तारखेची वाट न बघता कळवायचं. मैदानी खेळ असेल तर ब्रेसेसवर बसणारा माउथगार्ड घ्याच.

प्रकारांबद्दल माझं मत. साधी मेटल सगळ्यात चिवट, मुलांना दुसरं काही घेऊ नका, रंगीत रबरं मिळतात त्यात ती खूश असतात. मी वर सिरॅमिक घेतलं आणि खाली मेटल. सिरॅमिक लांबून दिसत नाही हे खरं, पण ते कडक असतं, खालच्या दातांना लावलं आणि चावताना वरचा दात त्यावर घासला तर दात झिजतो, म्हणून मॅडमनी खाली नको सांगितलं. शिवाय त्याभोवतीची रबरं चहा-कॉफीने पिवळी पडतात आणि काढताना कधी तुकडे उडतात. सेल्फ-लायगेटिंग (तार रबराने न बांधता ब्रॅकेटच्याच झाकणात धरणारा) म्हणून एक महाग प्रकार "लवकर होतं" म्हणून सांगतात, त्यावर पुष्कळ अभ्यास झालेत आणि एकूण वेळेत म्हणण्यासारखा फरक दिसलेला नाही, त्यामुळे डॉक्टरांना ते सोयीचं वाटत असेल तर ठीक, वेगासाठी जास्त पैसे देऊ नका. जिभेच्या बाजूने लावायच्या तारा बाहेरून अजिबात दिसत नाहीत, पण जिभेला सुरुवातीला फार त्रास आणि बोलताना काही दिवस अडखळायला होतं.

अलाइनर, म्हणजे ते पारदर्शक प्लास्टिकचे काढता येणारे साचे, माझ्या धाकट्या बहिणीने घेतले. खाताना काढता येतात, ब्रश नेहमीसारखा करता येतो, मीटिंगमध्ये कोणाला कळत नाही, हे सगळं खरं. पण दिवसाला २० ते २२ तास तोंडात पाहिजेत. म्हणजे खाणं आणि ब्रश सोडून काही नाही, पाण्याशिवाय काहीही प्यायचं तर काढा, धुवा, परत लावा. ती शिस्तीची आहे तरी तिचे पहिले वीस सेट संपल्यावर दोन दात मागेच राहिले होते, परत स्कॅन आणि आणखी अकरा सेट. हे बिघाड म्हणून नाही सांगत, बऱ्याच जणांना असं होतं, फक्त सुरुवातीला सांगितलेल्या महिन्यांत ते धरलेलं नसतं. दातांवर दातांच्याच रंगाचे छोटे उंचवटे पण चिकटवतात, त्यामुळे अगदीच काही दिसत नाही असंही नाही. ज्या मुलाला रोज डबा शाळेत विसरायची सवय आहे त्याला अलाइनर घेऊ नका.

घरबसल्या मागवायचे अलाइनर मात्र नकोच. तोंडात कोणी बघत नाही, एक्स-रे नाही, हिरड्यांची तपासणी नाही. स्माइलडायरेक्टक्लब ही त्यातली मोठी कंपनी डिसेंबर २०२३मध्ये बंद पडली आणि ट्रीटमेंट अर्धवट असलेली माणसं तशीच राहिली. आणि त्याहून वाईट म्हणजे व्हिडिओ बघून दातांची फट मिटवायला साधं रबर बँड दातांना लावणं. दात मुळाकडे निमुळता असतो, रबर घसरत हिरडीच्या आत जातं, दिसेनासं होतं आणि मुळाभोवतीचं हाड कापत जातं, चांगले दात गमावलेत लोकांनी. घरात किशोरवयीन मुलं असतील तर आजच त्यांना हे सांगा.

दात काढण्यावरून लोक फार घाबरतात. जागाच नसेल तर सुळ्याच्या मागची उपदाढ काढतात, सगळ्यांना काढावी लागत नाही. लेकीचं एक्स्पांडरमुळे टळलं, माझ्या बाबतीत दातांच्या मधून बारीक पट्टी फिरवून केसाएवढं घासून जागा केली. का काढायचा, नाही काढला तर काय होईल हे एक्स-रे समोर ठेवून समजावून सांगितलं तर ऐका, नाहीतर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या, रेकॉर्ड तुमचं असतं, मागून घ्या. आणि अक्कलदाढ पुढचे दात ढकलते म्हणून ती काढाच, हे जे सरसकट सांगतात त्याला अभ्यासांचा आधार नाही, ती दुखत असेल, अडकून किडत असेल तर गोष्ट वेगळी.

स्वच्छता. इथे मी आईबापांना हात जोडून सांगतो. पाचव्या महिन्यात मॅडमनी लेकीला एक गुलाबी गोळी चघळायला दिली आणि आरसा हातात दिला. जिथे जिथे घाण राहिली होती तिथे गडद गुलाबी, प्रत्येक ब्रॅकेटच्या वरच्या बाजूला हिरडीला लागून एक पट्टा. ती बघत राहिली, मीही बघत राहिलो, कारण ती रोज दोनदा ब्रश करत होती, माझ्यासमोर. तो पट्टा तसाच राहिला तर तिथलं कॅल्शियम निघून जातं आणि तारा काढल्यावर प्रत्येक दातावर पांढऱ्या चौकटी दिसतात, ते डाग सहसा पूर्ण जात नाहीत. तेव्हापासून ब्रश ४५ अंशांत तिरका, आधी ब्रॅकेटच्या वर, मग खाली, तारेखालून बाटली धुवायच्या ब्रशसारखा छोटा इंटरडेंटल ब्रश, फ्लोराइडची पेस्ट, आणि आठवड्यातून एकदा ती गोळी. तिला ८ मिनिटं लागायची. मला १२. तिचे दात आज स्वच्छ आहेत ते त्या गोळीमुळे, माझं असं ठाम मत आहे.

पैशांचं बोलणं सुरू करण्यापूर्वीच करा आणि लिहून घ्या: निघालेलं ब्रॅकेट परत लावायचे वेगळे पडतात का, एक्स-रे धरलेत का, ठरल्यापेक्षा जास्त महिने लागले तर काय, गाव बदललं तर फाइल कशी मिळणार, आणि रिटेनर त्यात आहे का, तुटला तर दुसऱ्याचे किती. दर ४ ते ८ आठवड्यांनी जावं लागतं, तर दवाखाना लांबचा घेऊ नका. वरच्या ब्रॅकेटपासून खालच्या ब्रॅकेटला लावायचे रबर बँड दिले की ते जवळपास दिवसभर लावायचे असतात, मुलं तिथेच कंटाळतात, लेकीने तीन आठवडे टाळाटाळ केली ती डॉक्टरांनी चावा बघूनच ओळखली. माझ्या २२ महिन्यांतले निदान दोन मी चुकवलेल्या तारखांचे आहेत.

आणि रिटेनर. तारा काढल्यावर दाताभोवतीचे तंतू अजून जुन्या जागेकडे ओढत असतात, हाड पक्कं व्हायला महिने जातात, आणि त्यानंतरही वयाबरोबर दात सरकतच राहतात, तारा कधीच न लावलेल्यांचे सुद्धा. म्हणून यावेळी मॅडमनी स्पष्ट सांगितलं, पहिले काही महिने जवळजवळ पूर्ण वेळ, नंतर रोज रात्री, आणि किती वर्षं असं विचारलं तर, "दात सरळ पाहिजेत तितकी वर्षं." मला खालच्या दातांना मागून एक बारीक तार कायमची चिकटवली आहे, तिच्याखालून घालायला कडक टोकाचा फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा दोरा) मिळतो, आणि दर सहा महिन्यांनी ती कुठे सुटली नाही ना ते बघून घेतो. वर पारदर्शक रिटेनर, लेकीला दोन्हीकडे तोच. गार पाण्याने धुवायचा, गरम पाण्यात तो वाकडा होतो. जेवताना टिशूत गुंडाळून ठेवायचा नाही, पुष्कळ रिटेनर कचऱ्यात जातात ते असेच. साचा किंवा स्कॅनची फाइल मागून ठेवायची म्हणजे हरवला तरी दोन दिवसांत नवीन होतो. मागच्या महिन्यात प्रवासात लेकीचा घरी राहिला, पाच रात्री चुकल्या, सहाव्या रात्री लावला तर घट्ट बसला आणि थोडं दुखलं. घट्ट म्हणजे दात सरकलेत पण अजून परत येतात, त्याच रात्रीपासून न चुकता लावायचा. बसतच नसेल तर जोर करायचा नाही, सकाळी डॉक्टरांना फोन.